‘आपण’ आणि ‘आम्ही’ : कुमारकथेतील दुरावणारी मैत्री



मराठी कुमारकथेत सुट्टी फार येते. दिवाळीची असो वा उन्हाळ्याची, सुट्टी लागली की कथानायक एस.टी.त बसतो, मामाच्या किंवा आजोळच्या गावी उतरतो आणि कथेला सुरुवात होते. गावात त्याचा एक जुना सवंगडी असतो. दोघे विहिरीत पोहतात, आंबे पाडतात, एखादा चोर पकडतात. फार तर मध्ये एकदा भांडण होते, कारण कुणीतरी खोटे बोललेले असते किंवा तिसऱ्याने कान भरलेले असतात. शेवटच्या प्रकरणात गैरसमज दूर होतो आणि ‘पुढच्या सुट्टीत नक्की ये’ असे म्हणून निरोप घेतला जातो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अशा ठिकठिकाणच्या भटकंतीतून साहसे करतो आणि त्या कथा आजही वाचाव्याशा वाटतात. मैत्री हा त्यांचा विषयच नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रारही नाही. माझी तक्रार आहे ती जिथे मैत्री हाच विषय आहे अशा कथांविषयी. तेरा ते सतरा या वयात मैत्री तुटते ती बहुधा कुणाच्याही अपराधाशिवाय तुटते. आपल्या कुमारकथेला मात्र अपराधी हवा असतो, म्हणजे त्याला क्षमा करता येते.

तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव परका नाही. दूरशिक्षणाच्या वर्गात बसणारी माणसे बहुधा कुठून तरी निघून कुठे तरी पोचलेली असतात. कुणी लग्न होऊन आली, कुणी कारखान्यातील नोकरीसाठी शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला आला, कुणाचे घरच धरणामुळे उठले. दहावीत असताना ज्या मैत्रिणीशिवाय दिवस जात नव्हता, तिच्याकडे दोन वर्षांनी चार दिवस राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी बोलायला काही उरले नाही, हे तुम्ही अनुभवले असेल. दोष कुणाला द्यावा हे तुम्हाला कळले नसेल, कारण द्यावा असा दोष नव्हताच. ही अवस्था कथेत कशी आणावी, हा या लेखाचा विषय आहे. आणि मराठी लेखकाच्या हाताशी यासाठी एक साधन आहे, ते म्हणजे मराठीचे व्याकरण, असे माझे मत आहे.

प्रथम भेटीचा विचार करू. मैत्री दुरावल्याची जाणीव रोजच्या सहवासात होत नाही. ती भेटीत होते. भेटीला दिवस मोजलेले असतात. जाणारी व्यक्ती मनात मागच्या वेळची मैत्रीण घेऊन जाते आणि दारात उभी असते ती आताची. शिवाय आपल्याकडे भेटीला पाहुणचाराचे नियम आहेत. समजा, दोन मुली आहेत. दोघी कागलच्या, एका आळीतल्या. एकीचे वडील बदली होऊन पुण्याला गेले. तिला आपण ‘गेलेली’ म्हणू. दुसरी आहे तिथेच आहे, ती ‘राहिलेली’. पूर्वी गेलेली या घरात शिरायची ती थेट स्वयंपाकघरात, आणि दुरडीतली भाकरी नि खर्डा स्वतःच्या हाताने घ्यायची. आता मे महिन्यात ती आली, तर तिच्यासाठी मटण आणले आहे, तांबडा-पांढरा केला आहे. तिला पाट मांडून आधी वाढले आहे. राहिलेलीची आई म्हणते, ‘लाजू नको हं, पाहिजे ते माग.’ हे वाक्य प्रेमाचे आहे, आणि नेमके त्यातच बिनसले आहे. घरच्या मुलीला कुणी ‘लाजू नको’ म्हणत नाही. कोल्हापूरच्या पाहुणचाराची कीर्ती मोठी आहे, पण पाहुणचार हा परकेपणाचाच एक सन्मान असतो. चांगला लेखक येथे काहीही स्पष्ट करणार नाही. तो फक्त ताट कुणी वाढून घेतले आणि कुणाला वाढले एवढेच लिहील.

आता भाषेकडे वळू. कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत मुली स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे म्हणतात. तिसऱ्या पुरुषात त्या ‘ती आली’ असेच म्हणतील. बदल आहे तो केवळ प्रथमपुरुषी एकवचनात. बाहेरगावची माणसे यावर हसतात आणि मुली मुलांसारख्या बोलतात असे म्हणतात. वास्तविक यात अडाणीपणाचे काही नाही. प्रमाण मराठीतही अनेकवचनात ‘आम्ही आलो’, ‘आम्ही जातो’ हे रूप स्त्रियांनाही चालते आणि पुरुषांनाही. तिथे लिंगभेद नाही. या बोलीने तीच सोय एकवचनाला दिली आहे, असेही याकडे पाहता येईल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना ‘मी आले’ इतकीच नियमबद्ध आहे.

आपल्या दोन मुलींचे काय होईल ते पाहा. गेलेली पुण्याच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ‘मी आलो’ म्हणाली असेल आणि वर्गात हशा पिकला असेल. महिन्याभरात ती ‘मी आले’ म्हणू लागली. तिने ठरवून काही केले नाही. टिकून राहण्यासाठी मुले जे करतात ते केले. आता ती कागलला आली आहे. दोघी माळ्यावर पडून बोलत आहेत. राहिलेली म्हणते, ‘मी परवा रंकाळ्यावर गेलतो.’ गेलेली म्हणते, ‘मी नाही गेले कितीतरी दिवसांत.’ एवढेच घडले. भांडण नाही, टोमणा नाही. पण दोघींनीही ते ऐकले.

शब्द वेगळे असले तर त्यावर हसता येते. पोळी की चपाती, ठेचा की खर्डा, यावर मैत्रिणी तासभर एकमेकींना चिडवतील आणि त्यातून जवळीकच वाढेल. क्रियापदाच्या प्रत्ययाचे तसे नाही. शब्द आपण निवडतो याची आपल्याला जाणीव असते, प्रत्यय मात्र आपोआप येतो. म्हणूनच तो बदलला की समोरच्याला वाटते, ही आतून बदलली. अव्ययांचेही तसेच. ‘बस की’, ‘खा की’, ‘चल की’ यांतला ‘की’ म्हणजे कोल्हापुरी आग्रहाचा प्राण आहे. गेलेली आता ‘बस ना’, ‘चल ना’ म्हणते. आग्रह तोच आहे, पण त्याची उब ओळखीची राहिलेली नाही. भ्रमणध्वनीमुळे हे सारे मिटले असे काहींना वाटते. मला उलटे दिसते. एकमेकींची छायाचित्रे रोज पाहिल्यामुळे भेटल्यावर सांगायच्या बातम्या संपलेल्या असतात, आणि बातम्या संपल्या की बोलण्याची तऱ्हा अधिकच ऐकू येते.

याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘आपण’. मराठीत ‘मी आणि तू मिळून’ यासाठी ‘आपण’ आहे आणि ‘मी आणि माझे, पण तू नव्हे’ यासाठी ‘आम्ही’ आहे. ऐकणाऱ्याला आत घेणारे आणि बाहेर ठेवणारे असे हे दोन प्रथमपुरुष होत. तमिळ आणि तेलुगूत असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही. ‘वी’ म्हणणाऱ्या इंग्रज मुलीने मैत्रिणीला आत घेतले की बाहेर ठेवले, हे संदर्भावरून ताडावे लागते. मराठी मुलीला मात्र तोंड उघडताच निवड करावी लागते, आणि ती निवड लपवता येत नाही. ‘आपण जोतिबाला गेलो होतो’ ही दोघींची आठवण आहे. ‘आम्ही जोतिबाला गेलो होतो’ म्हटले, की ऐकणारी त्या डोंगरावर नव्हती.

आपल्या कथेत पहिल्या दिवशी दोघी ‘आपण’ म्हणतात, कारण बोलणे मागच्या दिवसांचे आहे. आपण शाळेत असताना, आपण त्या बाईंच्या तासाला, आपण गैबीच्या उरुसात. दुसऱ्या दिवशी वर्तमानकाळ सुरू होतो आणि त्याबरोबर ‘आम्ही’ येतो. आम्ही मैत्रिणी शनिवारी अमुक करतो. आमच्या क्लासमध्ये तमुक असते. आणि हे ‘आम्ही’ एकट्या गेलेलीचे नसते, ही गोष्ट लेखक हमखास विसरतात. राहिलेलीलाही आता नव्या मैत्रिणी आहेत. ती कबड्डीच्या संघात आहे, दुधाच्या संस्थेत आईबरोबर पहाटे जाते, तिचेही ‘आम्ही’ आहे आणि त्यात गेलेलीला जागा नाही. ‘आपण’ला फक्त भूतकाळ उरतो. माझ्या मते दुरावलेल्या मैत्रीची मराठीतली नेमकी व्याख्या हीच होईल : जिच्याशी भूतकाळात ‘आपण’ आणि वर्तमानकाळात ‘आम्ही’ असे बोलावे लागते ती.

हे सारे कल्पनेतले झाले. प्रत्यक्ष साहित्यात काय दिसते? प्रकाश नारायण संत यांचा लंपन तुम्हाला ठाऊक आहे. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) या चार संग्रहांतून तो भेटतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे सीमाभागातल्या गावात तो वाढतो. संत स्वतः बेळगावच्या वातावरणात वाढले आणि कराडच्या महाविद्यालयात त्यांनी भूगर्भशास्त्र शिकवले. लंपनच्या मराठीला कानडीचा हेल आहे, आणि त्याच्या ‘मॅडसारखे’ या लाडक्या शब्दाशिवाय तो लंपन राहत नाही. लंपन हा सतत कुणाचा तरी पाहुणा आहे. आईवडिलांच्या घरी तो गेला तर तिथे भावंडांचे ‘आम्ही’ आधीच तयार असणार. त्याचे दुःख संत त्याच्या तोंडी घालत नाहीत. ते त्याच्या बोलण्याच्या लयीत ठेवतात. अभ्यासक्रमात लंपन नेमला जातो तेव्हा ‘निरागस बालमनाचे चित्रण’ असे उत्तर सर्रास लिहिले जाते. कृपया तसे लिहू नका. लंपन निरागस असेलही, पण त्याचा कान अतिशय तल्लख आहे, आणि त्या कथांचे सामर्थ्य त्या कानात आहे.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची कादंबरी आहे. जोशी आणि त्याच्या सवंगड्यांची एक खासगी भाषा आहे. तिच्यात शिव्या आहेत, सांकेतिक शब्द आहेत, आणि ती वर्गातल्या पुस्तकी भाषेहून वेगळी आहे. अखेरीस जोशी दहावीच्या उंबरठ्यावर जवळपास एकटा उरतो. तिथेही कुणी कुणाचा विश्वासघात केलेला नाही. वर्ष संपले एवढेच. मात्र ‘शाळा’त परतीची भेट नाही. पुढच्या सुट्टीत ही मुले पुन्हा भेटली असती तर ती भाषा त्यांना बोलता आली असती का, हा प्रश्न कादंबरी संपल्यावर माझ्या मनात राहतो.

परतीची भेट पाहायची असेल तर मी तुम्हाला लू शुन या चिनी लेखकाची ‘माझे जुने घर’ ही १९२१ची कथा वाचायला सांगेन. निवेदक वीस वर्षांनी गावी येतो तो घरदार आवरून कायमचे निघून जाण्यासाठी. लहानपणी रुनथू नावाचा एका गड्याचा मुलगा त्याचा जिवलग मित्र होता. तो आता भेटायला येतो. निवेदकाला खूप काही बोलायचे आहे. पण रुनथू त्याला हाक मारतो ती ‘धनी’ या अर्थाच्या शब्दाने. त्या एका संबोधनाने दोघांमध्ये भिंत उभी राहते. कथेत मोठ्यांच्या जोडीला मुलांचीही जोडी आहे : निवेदकाचा पुतण्या आणि रुनथूचा मुलगा यांची त्याच भेटीत गट्टी जमते, आणि बोटीत बसताच पुतण्या विचारतो की आपण परत कधी यायचे. आपल्याकडे या कथेची कल्पना करणे अवघड नाही. वाटेकऱ्याचा मुलगा आणि जमिनीच्या मालकाचा मुलगा लहानपणी ‘अरे-तुरे’ करतात. पंधराव्या वर्षी केव्हातरी एकाच्या तोंडी ‘अहो’ येते. ते कोणत्या दिवशी आले, हे आपल्या कुमारकथेने फारसे नोंदवलेले नाही. जात आणि जमीन यांचा उल्लेख टाळणाऱ्या कथेला ते नोंदवता येणारही नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरण एलेना फेरांते यांच्या नेपल्सच्या कादंबऱ्यांचे. त्यांतली पहिली २०११ साली आली. तिच्यात एलेना पुढे शिकते आणि शाळेची इटालियन आत्मसात करते. तिची मैत्रीण लीला प्राथमिक शाळेनंतर शिक्षण सोडते. दोघींची मूळ भाषा नेपल्सची बोली. गंमत अशी, की फेरांते ती बोली पानावर क्वचितच उमटवतात. अमकी बोलीत म्हणाली, तमकी इटालियनमध्ये म्हणाली, एवढेच सांगतात. मराठी लेखकाला अशी काटकसर करण्याचे कारण नाही. दोन्ही भाषारूपे देवनागरीत लिहिता येतात आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाचकाला दोन्ही समजतात. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी नारबा या शेतगड्याच्या तोंडून, कागलकडच्या बोलीत सबंध लिहून दाखवली. ‘झोंबी’ (१९८७) हे शिकण्यासाठी झगडणाऱ्या मुलाचे आत्मकथन. त्यात बोलीतल्या संवादांचे बळ किती आहे, हे तुम्ही पाहिले असेल.

मग कुमारकथेत हे का होत नाही? मुलांच्या हाती शुद्ध भाषा जावी, हे एक कारण सांगितले जाते. बोलीतले संवाद इतर भागांतल्या मुलांना कळणार नाहीत, हे दुसरे. पहिल्या कारणाला मी फार वेळ देणार नाही; जी भाषा आई घरात बोलते तिला मुलासमोर अशुद्ध म्हणणे हा कसला संस्कार? दुसऱ्या कारणात थोडे तथ्य आहे. विदर्भातल्या मुलाला ‘करालोय’ क्षणभर अडेल. पण अडणे हाच तर या कथेचा अनुभव आहे. गेलेलीलाही तो शब्द क्षणभर अडतो. पूर्वी अडत नव्हता.

तिसरे कारण कुणी सांगत नाही, आणि मला ते खरे वाटते. आपल्या सुट्टीच्या कथा बहुतेक जाणाऱ्याने लिहिल्या आहेत. जो गावातून निघाला, शिकला, लिहिता झाला, तोच निवेदक. त्यामुळे राहिलेला मित्र हा देखाव्याचा भाग होतो. तो झाडावर चढून दाखवतो, साप ओळखतो, शहरी मित्राला साधेपणाचा धडा देतो आणि निरोपाच्या वेळी फाट्यावर उभा राहून हात हलवतो. बस गेल्यावर तो घरी जाऊन काय करतो, हे कथेला माहीत नसते. मला अशी कथा वाचायची आहे, जी बस गेल्यानंतर फाट्यावर सुरू होते. तिचे निवेदन राहिलेलीने करावे, आणि सबंध ‘मी आलो, मी गेलो’ या रूपांत करावे. मग ‘मी आले’ म्हणणारी पाहुणी वाचकालाही त्या घरात वेगळी ऐकू येईल.

येथे तुमच्या शिक्षणाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ही पुस्तिका प्रमाण मराठीत आहे, तुमची उत्तरपत्रिकाही प्रमाण मराठीतच असावी लागते. तीन वर्षे हे लिहिल्यावाचल्यावर तुमच्या बोलण्यात फरक पडतो. संपर्कसत्रात माझ्याशी ‘सर, मी उशिरा आले’ म्हणणारी विद्यार्थिनी पुढच्याच मिनिटाला फोनवर घरी ‘मी आत्ता पोचलो’ म्हणते. तिला यात काही विशेष वाटत नाही, आणि ती दोन्ही ठिकाणी बरोबर असते. ज्याला आपण भाषेची जाण म्हणतो, ती हीच. अडचण येते ती फोनवर ‘पोचले’ निसटून जाते त्या दिवशी. पलीकडची मैत्रीण म्हणते, ‘लई शिकलीस गं.’ ते थट्टेत असते आणि थट्टेत नसतेही. त्यावर तुम्ही काय उत्तर देता, यावर त्या मैत्रीचे पुष्कळसे अवलंबून राहते. बहुतेक जण एक तर ओशाळतात किंवा मैत्रिणीची भाषा सुधारू पाहतात. दुसरे अधिक घातक, हे वेगळे सांगायला नको.

या घटकासाठी एक स्वाध्याय सुचवतो. वर उल्लेखलेल्या दोघींचा निरोपाचा प्रसंग लिहा. कागलच्या स्थानकावर कोल्हापूरची गाडी लागली आहे; पुढे पुण्याची गाडी पकडायची आहे. मराठीत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मग गेलेली काय म्हणेल? ‘येते’ म्हणाली, तर चार दिवसांत जे ऐकू आले त्यावर शिक्का बसतो. ‘येतो’ म्हणाली, तर ती जुन्या मैत्रिणीसाठी जुना शब्द आठवून वापरते आहे, आणि राहिलेलीला तो आठवून वापरलेला आहे हे कळते. राहिलेली त्यावर ‘ये की’ म्हणेल, की हसून ‘या हं’ म्हणेल? प्रत्येक पर्यायाने वेगळी कथा होते. फक्त दहा ओळी लिहा, केवळ संवाद. दोघी दुरावल्या आहेत असे निवेदनात एकदाही सांगू नका. ‘डोळे पाणावले’ हेही नको. त्या दहा ओळी पुढच्या संपर्कसत्राला बरोबर आणा. ज्यांची बोली वेगळी आहे, चंदगडी, मालवणी, अहिराणी, त्यांनी आपल्या बोलीत लिहावे. तिथे निरोपाला काय म्हणतात, हे मला ऐकायचे आहे.